घरातलेच तर वाचणार आहेत!

सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा:

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त. घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी सहा वह्या भरून आठवणी लिहिल्या. चुलत्यांकडे शिकायला राहिले असताना पाहिलेला पानशेतचा पूर, नोकरीतला कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, असं पुष्कळ काही त्यांत आहे. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला साडेतीन आठवडे उरले आहेत आणि त्या दिवशी या आठवणींचं पुस्तक नातेवाइकांना द्यायचं आहे. तालुक्याच्या गावी टायपिंग आणि पानांची मांडणी झाली, १७६ पानं भरली. ५०० प्रती छापायच्या, खर्च थोरला भाऊ करणार. या बाई मराठी घेऊन बी. ए. झालेल्या. त्यांनी मजकूर चार वेळा वाचला आणि आता चूक उरली नाही असं ठरवलं. मग सहज एका मैत्रिणीला पानं दाखवली. तिला दहा मिनिटांत दोन गोष्टी दिसल्या. पानशेतचं साल १९९१ पडलं होतं आणि हयात असलेल्या आत्याच्या फोटोखाली ‘कै.’ लागलं होतं.

बाईंना आता पैसे देऊन प्रूफं तपासून घ्यायची आहेत. दादा म्हणतात, ‘घरातलेच तर वाचणार आहेत, कोण चुका काढत बसतंय? फाइल जाऊ दे प्रेसला.’ तात्यांसमोर दुरुस्त्यांचा कागद ठेवला तर ते म्हणाले, ‘माझं मराठी आता तू सुधारणार का?’ आणि दोन दिवस बोलले नाहीत. वह्यांतले जुने अनुस्वार बाईंना अशुद्ध वाटतात, आणि मराठीची पदवीधर असून हिनं असं छापू दिलं असं लोक म्हणतील, ही धास्तीही आहे. पत्रात जाता जाता एक वाक्य आहे: ‘काही वाक्यं मी गुपचूप नीट केली आहेत.’ प्रश्न असा, की दादांचं ऐकून छापायला द्यावं, की हट्ट धरून कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तक नाही म्हणून सगळ्यांचा रोष घ्यावा?

ताई,

आधी तुमच्या दादांचं वाक्य घेऊ. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, कुलवृत्तांत, मंडळाचा अहवाल, लग्नपत्रिका, जिथे जिथे घाई असते तिथे ते ऐकू येतं. त्यातली वस्तुस्थिती अगदी खरी आहे. हे पुस्तक घरातलेच वाचणार आहेत. पण त्यातून दादांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो.

परका वाचक फार उदार असतो. साठाव्या पानावर तात्यांच्या मेहुण्यांचं नाव गणपत आहे की गणेश, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. घरचा माणूस मात्र पुस्तक हातात पडताच फोटोंची पानं उघडतो. आपण कुठे आहोत ते पाहतो, मग खालची नावं वाचतो, मग आपल्या आईवडिलांबद्दल काय लिहिलंय ते शोधतो. तुमच्या आत्या त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. त्यांच्या हातात ते पान पडलं असतं तर ‘टायपिंगची चूक हो’ हे वाक्य कोणी आणि कोणत्या तोंडानं म्हणायचं? कादंबरीत चार ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर वाचक चरफडतो आणि पुढे जातो. कुटुंबाच्या पुस्तकात चुकलेलं नाव मात्र पुढच्या दहा लग्नांत निघतं.

दुसरी समजूत तुमची आहे. चार वेळा वाचलं म्हणजे तपासलं, असं तुम्ही धरून चालला होतात. वाचताना डोळा अक्षरागणिक सरकत नाही, तो उड्या मारत जातो आणि मधल्या जागा मन भरून काढतं. मजकूर जितका ओळखीचा, तितकी मनाची भर जास्त. पानशेतची गोष्ट तुम्ही लहानपणापासून तात्यांच्या तोंडून ऐकत आला आहात. त्या पानावर तुम्ही वाचत नव्हता, आठवत होता. तुमच्या मैत्रिणीला ती गोष्ट पाठ नव्हती, म्हणून तिला छापलेला आकडा दिसला. तेव्हा तिच्या दहा मिनिटांवरून स्वतःला निष्काळजी ठरवू नका. लेखकाला आणि लेखकाच्या मुलीला तो मजकूर नव्या डोळ्यांनी दिसणं जवळजवळ अशक्य असतं, इतकंच त्यातून घ्या.

त्या दोन चुकांकडेही जरा नीट पाहा. १९९१ हा आकडा म्हणून निर्दोष आहे. ‘कै.’ हे बरोबर लिहिलेलं आहे. शुद्धलेखन तपासणारी कोणतीही संगणकप्रणाली त्यांच्याखाली लाल रेघ ओढणार नाही आणि कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात त्यांची दुरुस्ती सापडणार नाही. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं हे माहीत असणारा माणूस लागतो आणि आत्या हयात आहेत हे माहीत असणारा माणूस लागतो. तुम्ही ज्याला मराठीचा प्रश्न समजता आहात, तो निम्म्याहून अधिक माणसांचा आणि तारखांचा प्रश्न आहे.

आता तात्यांचा राग. इथे मी थोडं स्पष्ट बोलतो.

तुमचं ते जाता जाता आलेलं वाक्य मला साऱ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं. वाक्यं नीट करणं हे मुद्रितशोधन नव्हे, ते संपादन आहे. दोन्ही कामं चांगली आहेत, पण दुसऱ्याला लेखकाची परवानगी लागते. प्रूफ तपासणाऱ्याचं काम एवढंच, की लेखकानं जे लिहिलं तेच कागदावर उमटतंय ना हे पाहणं. तुम्ही तात्यांसमोर जो कागद ठेवलात त्यावर दोन्ही प्रकार एकत्र होते असा माझा अंदाज आहे. टायपिंग करणाऱ्या ऑपरेटरनं घातलेली चूक आणि तुम्हाला न आवडलेलं तात्यांचं वाक्य, दोन्हींखाली एकच लाल रेघ. त्यांना साहजिकच असं वाटलं, की पोरीनं माझी वही तपासायला घेतली आहे.

आपल्याकडे या कामाचा फार मोठा दाखला आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर तीनशे वर्षं नकलांवर नकला होत आल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी जे लिहून ठेवलं त्याचा आशय असा, की ग्रंथ मुळात अतिशय शुद्धच होता, पाठभेदांमुळे त्यात अशुद्ध शिरलं, ते मी शोधून काढलं. आणि पुढे बजावलं, की यात कोणी आपली ओवी घालील तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांना एखादी ओवी सुधारावीशी वाटलीच नसेल असं थोडंच आहे? पण त्यांनी स्वतःला काम नेमून दिलं ते ज्ञानदेवांचं ज्ञानदेवांना परत देण्याचं.

तात्यांना हेच सांगा. ‘तुमचं मराठी सुधारत नाहीये. तुम्ही वहीत १९६१ च लिहिलं होतं, टायपिंगमध्ये ते बदललं. तुमचं लिहिलेलं तुम्हाला परत मिळवून द्यायचं आहे.’ हे समजावणीचं बोलणं नाही, खरंच तसं आहे. आणि गुपचूप बदललेली वाक्यं आधी जशीच्या तशी परत ठेवा. एखादं वाक्य खरोखरच कळत नसेल तर त्यांच्याशेजारी बसून विचारा, ‘इथे तुम्हाला असं म्हणायचंय का?’ ते हो म्हणाले तर बदला, नाही म्हणाले तर विषय संपला. पुस्तक त्यांचं आहे. ‘मराठीची पदवीधर असून हिनं असं छापू दिलं’ असं लोक म्हणतील, ही तुमची धास्ती मी समजू शकतो, पण ती धास्ती तुमची आहे. तिचा भार तात्यांच्या वाक्यांवर टाकू नका.

शुद्धलेखनाबद्दल एक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. आज आपण जे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे. त्यांतले पहिले चौदा शासनानं १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये चारांची भर पडली, असे एकूण अठरा. तात्यांचं शालेय शिक्षण त्याआधीचं. ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार देणं ही तेव्हा चूक नव्हती, शिकवलेली रीत होती. वहीतल्या ज्या टिंबांना तुम्ही अशुद्ध म्हणता, त्यांतली बरीचशी त्यांनी शाळेत छड्या खाऊन घोटलेली असतील. छापताना ती आजच्या नियमांप्रमाणे बदलावीत असंच माझं मत आहे, नाहीतर नातवंडं अडखळतील. पण बदलण्याआधी तात्यांना हे कारण सांगा. ‘तुमचं चुकलं’ आणि ‘तुमच्यानंतर नियम बदलले’ यांत केवढा फरक आहे! वहीच्या एका पानाचं छायाचित्र पुस्तकात जरूर घाला, म्हणजे त्यांचं अक्षर आणि त्यांचे अनुस्वार, दोन्ही राहतील.

बोलीचे शब्द हा वेगळा मामला. तुमच्या भागातला माणूस ‘कोरड्यास’ लिहील, ‘वाकळ’ लिहील, ‘माळवं’ आणि ‘आवतण’ लिहील. शहरातला, नियमांत मुरलेला मुद्रितशोधक त्याची आमटी, गोधडी, भाजीपाला आणि आमंत्रण करून टाकण्याची शक्यता आहे. हे शब्द चुका नाहीत. त्यांची एक यादी करून तपासणाऱ्याला आधीच द्या: ‘हे असेच राहतील.’ त्याच यादीत सगळ्या माणसांची आणि गावांची नावं एकाच लेखनपद्धतीनं लिहा. तात्यांनी एका वहीत ‘पांडूतात्या’ आणि दुसरीत ‘पांडुतात्या’ लिहिलं असेल तर कोणतं ठेवायचं ते तिथेच ठरेल. अनेक व्यावसायिक प्रकाशनसंस्था पुस्तकासाठी अशी यादी करतात. घरगुती पुस्तकाला तर ती जास्तच लागते, कारण तिथे निम्मे शब्द नावंच असतात.

आता वही आणि छापील पान यांच्यामध्ये चुका कुठून शिरतात ते पाहू, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. हाताच्या लिखाणातला देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ सारखे दिसतात. देवनागरी सहा घाईत लिहिला तर तोही नऊच्या जवळ जातो. त्या पिढीतली बरीच माणसं दोन्ही पद्धतींचे आकडे मिसळून लिहितात. म्हणून १९९१ हा एकटा असेल असं मला वाटत नाही. पुस्तकातला प्रत्येक आकडा वेगळा काढा आणि वहीशी ताडून पाहा. जी घटना सार्वजनिक आहे तिची तारीख बाहेरूनही तपासा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. ‘भूकंपानंतर दोन वर्षांनी लग्न’ असं लिहिलं असेल आणि लग्नाचं साल १९६८ पडलं असेल, तर दोहोंपैकी एक चुकलं आहे आणि ते फक्त तात्याच सांगू शकतील. आजोबा-पणजोबांच्या तिथी शकात असतील तर ७८ मिळवून इसवी सन येतो. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवावे लागतात आणि मार्गशीर्षाच्या उत्तरार्धातली किंवा पौषातली असेल तर जुनं पंचांगच उघडावं लागतं.

मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप करून मग युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणला असेल, तर काही अक्षरं हमखास मार खातात. ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो आणि दऱ्याखोऱ्यांतून हिंडणारे तात्या एकदम दर्यावर पोचतात. लग्नात आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना जाते. अनुस्वार गळाला तर चिंतेची चिता होते, आणि आजारपणाच्या प्रकरणात ती फारच वाईट दिसते. यांतलं काहीही संगणक पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. 

‘शोधा आणि बदला’ ही सोय तर जपूनच वापरावी. कोणाला वाटलं, की काकांना नुसतं ‘राम’ म्हणणं बरं दिसत नाही, आणि एका फटक्यात सगळीकडे ‘रामराव’ केलं, तर तात्या दुपारी जेवून ‘आरामराव’ करायला लागतात आणि गावाची ‘ग्रामरावपंचायत’ होते. हसू येतं खरं, पण घाईच्या शेवटच्या रात्री असंच होतं.

आता साडेतीन आठवड्यांचं काय करायचं? तुम्ही दोनच वाटा पाहताय: आत्ता ५०० प्रती छापा, नाहीतर पुस्तक लांबवा. (तिसरी वाट कार्यक्रम लांबवण्याची, पण चंद्र काही प्रूफांसाठी थांबत नाही.) दादांना त्या दिवशी तात्यांच्या हातात पुस्तक हवं आहे. हा हट्ट चुकीचा नाही, ऐंशी ओलांडलेल्या वडिलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण त्या दिवशी पुस्तक हवं म्हणजे त्या दिवशी ५०० पुस्तकं हवीत, असं कुठे आहे? डिजिटल छपाईत प्लेटा (छपाईसाठी बनवायचे पत्रे) लागत नाहीत, त्यामुळे तीस-चाळीस प्रतीही काढता येतात. एका प्रतीचा खर्च ऑफसेटपेक्षा, म्हणजे प्लेटा करून होणाऱ्या छपाईपेक्षा, जास्त पडतो, पण तो चाळीस प्रतींपुरताच. कार्यक्रमात तात्यांच्या हस्ते जवळच्या मंडळींना त्या प्रती द्या. उरलेल्या प्रती महिन्याभरानं ऑफसेटवर छापा आणि घरोघरी पोचवा. मधल्या काळात त्या चाळीस घरांतले चाळीस डोळस नातेवाईक तुमचं प्रूफ फुकटात वाचतील. तसं त्यांना आधीच सांगा: ‘ही पहिली आवृत्ती, आपापली नावं आणि तारखा पाहून कळवा.’ मग जी व्यक्ती चूक कळवील तिला ती खटकणार नाही, उलट पुस्तकात आपलाही हात लागला असं वाटेल.

दादांना पैशांच्या भाषेतही सांगता येईल. तुमचं १७६ पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानांचे अकरा फर्मे; फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. फाइल प्रेसला जाण्याआधी सापडलेल्या चुकीला ऑपरेटरचा थोडा वेळ लागतो. प्लेट झाल्यावर सापडली तर नवी प्लेट. फर्मा छापून झाल्यावर सापडली तर त्या फर्म्याचा सगळा कागद आणि छपाई पुन्हा. बांधणी झाल्यावर सापडली तर काहीच करता येत नाही, शुद्धिपत्राची चिठ्ठी तेवढी चिकटवायची. या चारही टप्प्यांचा खर्च तुमच्या प्रेसकडून दादांनाच विचारायला सांगा. आकडा त्यांच्या कानावर प्रेसवाल्याकडून पडू दे, तुमच्याकडून पडला तर तो पुन्हा बहीण-भावाचा वाद होईल.

आणि वाचायचं कसं? जुन्या छापखान्यांत एकजण मूळ कागद मोठ्यानं वाची आणि दुसरा प्रुफावर बोट ठेवून ओळीमागून ओळ पाही. ही पद्धत घरी सहज जमते, आणि तुमच्या घरात तर ती फारच योग्य आहे. वही तात्यांच्या हातात द्या. त्यांनी आपलंच लिखाण वाचायचं, तुम्ही प्रूफ पाहायचं. तासाला वीसेक पानं होतात, रोज एक तास धरला तर नऊ दिवसांत पुस्तक संपतं. तात्या थकले तर नातवंडांपैकी कोणी वाचील, पण शेजारी तात्या असू देत. या बैठकीत परीक्षक ते असतील, तुम्ही नाही. परवाचा अबोला यातच विरघळेल असं मला वाटतं. न विरघळला तरी प्रूफ तपासून होईलच.

हे वाचन पडद्यावर करू नका, कागदावर करा. जमल्यास टंक थोडा मोठा करून, वेगळ्या वळणाच्या फाँटमध्ये छापून घ्या. मजकूर अनोळखी दिसला की डोळा थबकतो. हातात लाल पेन ठेवा आणि प्रत्येक दुरुस्ती समासात लिहा. शब्दावरच गिरवलेली दुरुस्ती ऑपरेटरला दिसत नाही. एक चूक सापडली की लगेच पुढे धावू नका. ‘सापडली!’ म्हणून मन सैल पडतं आणि तिच्याच शेजारची दुसरी निसटते. मुखपृष्ठ, पुस्तकाचा कणा, प्रकरणांची नावं, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे आणि फोटोंखालच्या ओळी यांसाठी एक वेगळी फेरी करा. मोठ्या अक्षरातल्या चुका सर्वांत जास्त सुटतात, कारण तिथे चूक असेल असं कोणाला वाटतच नाही. फोटोंच्या फेरीत प्रत्येक नावाआधीचं श्री., सौ., कै., चि. एकेक करून पाहा. फोटो काढला तेव्हा आणि आज, यांत माणसांची उपाधी बदललेली असते. कोणत्या दिवसाची धरायची ते ठरवा, किंवा सरळ सगळ्याच उपाध्या काढून टाका. मी असतो तर काढल्या असत्या.

या घरच्या वाचनानंतर, किंवा त्याच्या बरोबरीनंच, पैसे देऊन मुद्रितशोधक नेमा. तुमचा तो हट्ट रास्त आहे. पण काय हवंय ते आधी नीट ठरवा. नुसतं वाचून द्यायचं की हस्तलिखिताशी ताडून? एक वाचन की दुरुस्त्या झाल्यावर दुसरंही? भाव पानावर ठरतो, तेव्हा या गोष्टी बोलून घ्या आणि आधी दहा पानं नमुन्यादाखल तपासून मागा. त्यांत त्यानं ‘वाकळ’ची ‘गोधडी’ केली असेल तर तिथेच कळेल. आकडे आणि नाती तो तपासू शकणार नाही, ते काम तुमचंच. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं आणि वाक्यातला राहून गेलेला शब्द हे काम त्याचं. पैसे मोजून मुद्रितशोधक नेमणं परवडण्यासारखं नसेल, आणि पुष्कळांना नसतं, तर गावातले निवृत्त मराठीचे शिक्षक शोधा. फक्त त्यांनाही बजावा, की हा पेपर नव्हे, गुण द्यायचे नाहीत.

एक जुनी खोड ऑपरेटर मंडळींची. पोथ्या नकलून देणारे लेखनिक शेवटी एक संस्कृत श्लोक घालीत. त्याचा भाव असा, की जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं, ते शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नका. आजचा डीटीपीवाला तो श्लोक लिहीत नाही, पण मनात तोच असतो. ‘तुम्ही दिलं तसं टाइप केलं.’ त्याच्याशी भांडू नका. दुरुस्त्या लावून आल्यावर प्रत्येक लाल खूण लागली आहे का ते स्वतः ताडून पाहा, आणि फक्त तो शब्द नव्हे, त्याच्या वरची आणि खालची ओळही वाचा. एक शब्द लांबला की ओळी सरकतात, परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते, कधी गायब होते. दुरुस्ती करताना घातलेली नवी चूक ही सर्वांत चिवट, कारण त्यानंतर कोणी वाचत नाही.

शेवटी प्रेसला जी पीडीएफ जाणार आहे तीच उघडून पानंपान चाळा, ऑपरेटरच्या यंत्रावरची फाइल पाहून समाधान मानू नका. फाँट नीट बसवलेला नसेल तर दुसऱ्या यंत्रावर रफार आणि मात्रा जागा सोडतात. मगच ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून सही करा. ती सही तात्यांची घ्या. पुस्तकाचे लेखक ते आहेत, आणि दादांनाही त्या सहीपुढे घाई करता येणार नाही.

इतकं सगळं केल्यावरही काही चुका राहतील. सगळ्या चुका सारख्या नसतात, म्हणून वेळ कमी पडला तर क्रम लावा: आधी माणसांची नावं, नाती आणि हयात-दिवंगत, मग तारखा, मग अर्थ बदलणारे शब्द, आणि सर्वांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. तुमच्या मनात आज हा क्रम नेमका उलटा आहे असं पत्रावरून दिसतं. ‘आणि’ कुठे दीर्घ राहिला म्हणून कोणाचं मन दुखावणार नाही.

आणि छपाई आटोपली की डीटीपीवाल्याकडून पूर्ण पुस्तकाची युनिकोडमधली फाइल आणि अंतिम पीडीएफ, दोन्ही मागून घ्या आणि निदान दोन घरी ठेवा. वर्षभरानं कोणी आणखी प्रती मागितल्या, तर त्याच्याकडचा संगणक तोवर बदललेला असतो आणि सगळं टायपिंग पहिल्यापासून करावं लागतं. तसं झालं तर प्रूफही पहिल्यापासून तपासावं लागेल.